जॅकेटची नक्कल झाली : आता कायदा काय काय वाचवू शकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एक जॅकेट बाजारात आणलंत. कापडावरचं वेलीचं प्रिंट हाताने काढलेलं, कॉलर एका बाजूला झुकलेली, आणि बटणांच्या जागी कापडाचे गुंफलेले फास. आठ महिन्यांपूर्वी त्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, शे-सव्वाशे नग विकले, आणि आता एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याकडे जवळजवळ तेच जॅकेट झळकतंय. एकाने सांगितलं, कॉपीराइट आपोआप मिळतो, खुशाल दावा ठोका. दुसऱ्याने सांगितलं, नोंदणी केली नव्हती म्हणजे विषय संपला. तिसरा म्हणाला, फॅशनमध्ये नक्कल चालतेच, कायदा काही करत नाही. तुम्ही विचारता, यातलं खरं कोणाचं?

तिघांचंही थोडंथोडं खरं आहे, कारण तिघे तुमच्या जॅकेटच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलताहेत. गेली बावीस वर्षं मी कपडे, पादत्राणं आणि दागिन्यांच्या नकलेची प्रकरणं हाताळतेय. नवा माणूस आला की मी आधी जॅकेट टेबलावर पसरते आणि विचारते, यातलं नेमकं काय चोरीला गेलंय? बहुतेक जण म्हणतात, ‘सगळंच.’ कायद्याला ‘सगळं’ दिसत नाही. त्याला प्रिंट दिसतं, आकार दिसतो, नाव दिसतं, एखादी यांत्रिक युक्ती दिसते. प्रत्येकासाठी दार वेगळं आणि त्या दाराची मुदतही वेगळी. तुमच्याबाबतीत त्यातलं एक दार अजून काही महिनेच उघडं आहे, म्हणून हे उत्तर लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

कपड्याचा बेत, म्हणजे बाहीची उंची, कमरेचा घेर, खांद्याची उतरण, यावर कॉपीराइट सहसा मिळत नाही. कपडा ही वापरायची वस्तू आहे आणि कॉपीराइट कलाकृतीसाठी आहे, अशी बहुतेक देशांच्या कायद्याची भूमिका असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टार ॲथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स या खटल्यात ही रेघ कुठे ओढायची ते सांगितलं. वाद होता चिअरलीडर मुलींच्या गणवेशावरच्या पट्ट्या, कोन आणि रंगांच्या रचनेचा. न्यायालयाने दोन प्रश्न विचारले. ही रचना कपड्यापासून वेगळी काढून स्वतंत्र कलाकृती म्हणून डोळ्यांपुढे आणता येते का? आणि तशी आणली, तर कागदावर किंवा कॅनव्हासवर तिला कॉपीराइट मिळाला असता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या रचनेला संरक्षण. गणवेशाच्या कापाला मात्र नाही. तो काप घेऊन दुसरा कोणीही गणवेश शिवू शकतो.

हीच कसोटी तुमच्या जॅकेटला लावून बघा. वेलीचं प्रिंट उचलून भिंतीवर लावता येतं, तिथेही ते चित्रच राहतं. झुकलेली कॉलर उचलली तर हातात कॉलरच येते. फासांचं मी जरा राखून सांगेन. त्यांची गुंफण शोभेची असेल तर वाद घालता येईल, पण त्यांचं मुख्य काम जॅकेट बंद करण्याचं आहे, आणि समोरचा वकील पहिल्या वाक्यात तेच म्हणेल. कॉपीराइटपुरतं तुमचं नाणं म्हणजे प्रिंट. युरोपात चित्र थोडं उदार आहे. जी-स्टार रॉच्या जीन्स आणि टीशर्टवरून झालेल्या कोफेमेल खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की डिझाइन दिसायला सुंदर आहे का हा निकष लावायचाच नाही. ती मूळ, स्वतःच्या बुद्धीची निर्मिती आहे का एवढंच बघायचं. फ्रान्समध्ये तर कपडे आणि साजशृंगाराच्या हंगामी उद्योगांच्या निर्मितीचा कॉपीराइटच्या यादीत नाव घेऊन समावेश आहे. तरी ‘मूळ’ हे सिद्ध करायला तिथेही घाम गाळावा लागतो.

प्रिंटची नक्कल सिद्ध कशी होते, हे एका प्रकरणावरून सांगते. एक चित्रकार मुलगी माझ्याकडे आली होती. तिचं मूळ कापड आणि बाजारातून विकत आणलेली नक्कल, असे दोन तुकडे आम्ही टेबलावर शेजारी ठेवले. समोरची कंपनी म्हणत होती, पानाफुलांचं प्रिंट आहे, ते कोणालाही सुचेल, आमच्या माणसाने स्वतः काढलंय. आम्ही भिंग घेऊन एकेक पान बघायला बसलो. तिच्या मूळ चित्रात डावीकडच्या तिसऱ्या पानाची मधली शीर अर्ध्यावर तुटलेली होती. काढताना निब अडकली आणि शाई उतरली नाही, एवढंच. तिने ते तसंच राहू दिलं होतं. नकलेतही त्याच पानाची तीच शीर तिथेच तुटलेली होती. शिवाय रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा छापला जाणारा नमुना, जिथे जुळतो तिथे तिच्याकडून एक फांदी केसभर सरकली होती. तीही तशीच सरकलेली. योगायोगाने दोघांना एकच पान सुचू शकतं, पण एकच निब दोघांच्या हातात एकाच जागी अडकत नाही. ते प्रकरण न्यायालयाबाहेरच मिटलं. तुम्ही आज रात्री हेच करा. दोन्ही प्रिंट समोरासमोर धरा आणि तुमच्या चुका शोधा. तुमची चूक नकलेत सापडली तर तो तुमचा सगळ्यात बोलका पुरावा.

कॉपीराइट आपोआप मिळतो हे खरं. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कलाकृती निर्माण झाली की हक्क जन्मतो, नोंदणी लागत नाही. पण हक्क असणं आणि तो वसूल करता येणं यांत अंतर आहे. अमेरिकेत तिथल्या कलाकृतीवरून दावा करायचा असेल तर कॉपीराइट कार्यालयाने आधी नोंदणी केलेली लागते. नुसता अर्ज टाकून भागत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. परदेशी कलाकृतींना ही अट नाही. मात्र कायद्याने ठरवलेली ठोक नुकसानभरपाई हवी असेल तर वेळेत केलेली नोंदणी सगळ्यांनाच लागते. नाहीतर प्रत्यक्ष किती नुकसान झालं ते पैशापैशाने सिद्ध करत बसावं लागतं, आणि छोट्या डिझायनरला तेच सगळ्यात जड जातं. नोंदणी घाईत आणि गठ्ठ्याने केली तरी काय होतं, हे युनिकलर्स विरुद्ध एच अँड एम खटल्यात दिसलं. कापडाची डिझाइन करणाऱ्या युनिकलर्सने २०११ मध्ये ३१ डिझाइन एकाच अर्जात घातली होती. तसा एकत्र अर्ज नियमात बसतो का, यावरून समोरच्यांनी अख्खी नोंदणीच उडवायचा प्रयत्न केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये निकाल लागला, की अर्जदाराची कायदा समजून घेण्यात प्रामाणिक चूक झाली असेल तर तेवढ्यावरून नोंदणी रद्द होत नाही. निकाल बाजूने लागला खरा, पण अर्जातल्या एका चुकीपायी इतक्या वर पायऱ्या चढाव्या लागल्या.

काही देशांत याच्या बरोबर उलट अडचण आहे, आणि तुमचे शे-सव्वाशे नग तिथे आड येतात. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, जे डिझाइन म्हणून नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त वेळा वस्तूवर उतरलं की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘रितू कुमार’ या नावाने कपडे विकणाऱ्या रितिका प्रायव्हेट लिमिटेडचा बिबा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्धचा दावा याच मुद्द्यावर अडला. डिझाइन नोंदवलेली नव्हती आणि नग पन्नासच्या पुढे गेले होते. याच्या आधी, २००८ मध्ये, तहिलियानी डिझाइनच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने प्रिंट आणि भरतकामाच्या बाजूने कौल दिला होता. तिथे कपडे मोजकेच निघाले होते. मूळ चित्र चित्र म्हणून तुमचं राहतं, त्यावरचा हक्क या कलमाने नाहीसा होत नाही. वांधा होतो तो कपड्यावर छापलेल्या डिझाइनचा. हे कलम मला मनापासून खटकतं. ज्याचं काम लोकांना आवडलं, विकलं गेलं, त्याचाच हक्क विक्रीमुळे जातो, आणि हे त्याला कळतं ते नक्कल झाल्यावर. पण कायदा जोवर असा आहे तोवर त्याच्याशी जुळवूनच चालावं लागतं.

म्हणून आता खऱ्या दाराकडे येते. ते म्हणजे डिझाइन नोंदणी. कपड्याचं दिसणं, म्हणजे रेषा, आकार, पोत, झुकलेली कॉलर आणि फासांची मांडणी हे सगळं मिळून, यासाठीच ते केलेलं आहे. युरोपीय संघात नोंदणीकृत डिझाइनला पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत २५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. अमेरिकेत डिझाइन पेटंट १५ वर्षं. भारतात १० आणि वर ५. युरोपात आणखी एक सोय आहे, जी खास फॅशनसारख्या धावत्या धंद्याला मानवते. नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही पहिल्यांदा लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षं नकलेपासून संरक्षण. त्यावर कॅरन मिलन हा कपड्यांचा ब्रँड विरुद्ध डन्स स्टोअर्स ही दुकानांची साखळी, हा निकाल वाचण्यासारखा आहे. आयर्लंडमध्ये शर्ट आणि विणलेल्या टॉपवरून सुरू झालेला हा वाद २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयात पोचला. डन्सने नक्कल केल्याचं नाकारलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुळात या डिझाइनमध्ये वेगळेपण आहे हे कॅरन मिलनने सिद्ध करावं. न्यायालय म्हणालं, सिद्ध करायची गरज नाही, तुमचं वेगळेपण कशात आहे एवढं दाखवून द्या. ते नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची. शिवाय तुलना बाजारातल्या एकेका जुन्या डिझाइनशी करायची. इथून कॉलर, तिथून बाही अशी गोधडी शिवून तिच्याशी नाही. डिझायनरला दिलासा देणारा निकाल आहे तो.

पण डिझाइन नोंदणीला एक काटेकोर अट असते. डिझाइन नवं हवं. आणि ‘नवं’ म्हणजे तुम्ही स्वतःसुद्धा ते आधी जगाला दाखवलेलं नको. डिझायनरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना मी पाहिलंय, आणि त्यात मोठ्या कंपन्याही सुटत नाहीत.

पुमाचंच बघा. जाड काळ्या तळव्याच्या पांढऱ्या बुटाचं डिझाइन कंपनीने २०१६ मध्ये युरोपात नोंदवलं. पुढे एका डच कंपनीने ते रद्द करा म्हणून अर्ज केला, आणि पुरावा म्हणून काय जोडलं? डिसेंबर २०१४ मधले रिहानाचे इन्स्टाग्रामवरचे फोटो. पुमाशी करार केला त्या दिवशी तिच्या पायात जे बूट होते ते हेच. पुमाने युक्तिवाद केला, की त्या फोटोत बुटांकडे कोण निरखून बघतंय? युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो फेटाळला. इतक्या मोठ्या गायिकेने त्या दिवशी पायात काय घातलंय हे तिचे चाहते आणि फॅशनमधली मंडळी बघणारच. नोंदणी गेली.

क्रॉक्सचंही तसंच. त्यांच्या सँडलचं डिझाइन २०१८ मध्ये त्याच न्यायालयात रद्द ठरलं, कारण अर्जाच्या बराच आधी, २००२ मध्ये, ते फ्लोरिडातल्या बोटींच्या प्रदर्शनात मांडलेलं होतं, कंपनीच्या वेबसाइटवर होतं आणि विकलंही जात होतं. अमेरिकेतलं बोटींचं प्रदर्शन युरोपातल्या चप्पल-बुटांच्या व्यापाऱ्यांना कुठून कळणार, हे म्हणणं टिकलं नाही.

या दोन्ही कंपन्यांना सवलतीचा काळ होता, तो त्यांनी ओलांडला. युरोपीय संघात तुम्ही स्वतः डिझाइन उघड केल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर ते उघड करणं तुमच्याविरुद्ध धरत नाहीत. अमेरिकेतही एक वर्ष मिळतं. भारतात मात्र अशी सरसकट सवलत नाही. अधिसूचित प्रदर्शनात मांडायचं असेल तर कंट्रोलरला, म्हणजे डिझाइन नोंदणीच्या अधिकाऱ्याला, आधी कळवून, नंतर सहा महिन्यांत अर्ज, एवढीच एक चिंचोळी वाट आहे. सगळीकडे १२ महिने मिळावेत अशी तरतूद नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला मंजूर झालेल्या डिझाइन कायदा करारात आहे, पण ती लागू व्हायला देशांनी करार स्वीकारून आपापले कायदे बदलायला हवेत.

आता तुमचे आठ महिने बघा. जिथे सवलत नाही तिथे तुमच्या जॅकेटसाठी डिझाइन नोंदणीचं दार पहिला फोटो टाकलात त्याच दिवशी बंद झालं. जिथे १२ महिन्यांची सवलत आहे तिथे सुमारे चार महिने तुमच्या हातात आहेत. तुमचा माल तिथे विकला जातो का, नक्कल तिथे पोचते का, हे तपासा. उत्तर ‘हो’ असेल तर अर्जाचं आजच मनावर घ्या. ‘एवढा हंगाम जाऊ दे’ म्हणू नका. एक बारीक गोष्टही ध्यानात ठेवा. युरोपातलं ते तीन वर्षांचं बिननोंदणीचं संरक्षण डिझाइन पहिल्यांदा कुठे दाखवलं यावरही अवलंबून असू शकतं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून लंडनला पहिल्यांदा दाखवावं की संघातल्या एखाद्या शहरात, हा डिझायनरांपुढचा खरोखरीचा प्रश्न झाला आहे.

ट्रेडमार्क आणि पेटंटबद्दल फार लांबण लावत नाही, कारण आजच्या संकटात ते तुमच्या कामी येणार नाहीत. पण पुढच्या दहा वर्षांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने पँटच्या खिशांना तांब्याच्या रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायच्या खिळ्या, ठोकल्या, म्हणजे ताण पडतो तिथे खिसा उसवत नाही. पेटंटसाठी त्याला भागीदार हवा होता, म्हणून त्याने ज्यांच्याकडून कापड घ्यायचा त्या लीवाय स्ट्रॉसना, म्हणजे ज्यांच्या नावाची जीन्स आजही विकली जाते त्यांना, पत्र लिहिलं. २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळालं. १८९० च्या सुमारास त्याची मुदत संपली आणि रिव्हेटची पँट कोणीही शिवायला मोकळा झाला. पण तोवर, १८८६ पासून, दोन घोड्यांचं चित्र असलेली चामड्याची पट्टी कमरेवर लागत होती. पुढे १९३६ मध्ये मागच्या खिशाला लाल फीत आली. पेटंट जाऊन शंभरावर वर्षं झाली, चिन्हं अजून कंपनीचीच आहेत. ट्रेडमार्क वापरात ठेवला आणि वेळेवर नूतनीकरण केलं तर त्याला शेवटची तारीख नसते.

तुमचे गुंफलेले फास असं चिन्ह होऊ शकतात का? होऊ शकतात, पण त्यासाठी वर्षानुवर्षं प्रत्येक जॅकेटवर त्याच जागी, तसेच दिसायला हवेत, इतके की फास दिसले की गिऱ्हाइकाच्या तोंडी तुमचं नाव यावं. लुबुटाँ या बूट बनवणाऱ्या ब्रँडच्या लाल तळव्याला २०१२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने चिन्ह म्हणून मान्यता दिली, तीही बुटाचा वरचा भाग वेगळ्या रंगाचा असेल तेवढ्यापुरतीच. पूर्ण लाल बूट इव्ह सां लोराँ या प्रतिस्पर्धी फॅशन कंपनीला विकता आले. आणि सातत्य सुटलं तर काय होतं ते आदिदासला २०१९ मध्ये युरोपात कळलं. नोंदणी होती पांढऱ्यावर काळ्या तीन पट्ट्यांची, आणि पुराव्यात ढिगाने चित्रं होती ती काळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांची. शिवाय संघातल्या पाचच देशांपुरता पुरावा नीट होता. ती नोंदणी टिकली नाही. म्हणून फासांचा रंग, जाडी, संख्या आजच ठरवा आणि दर हंगामाला बदलू नका.

नावाचं मात्र थांबवू नका. ब्रँडचं नाव पहिल्या नगाच्या आधी नोंदवावं, आणि ते स्वतःचं नाव असेल तर फारच जपून. राजकन्या डायनाच्या लग्नाचा पोशाख पतीसोबत तयार करणाऱ्या एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी धंदा विकताना नावाचा ट्रेडमार्कही विकला. पुढे त्या कंपनीत राहिल्या नाहीत, आणि ‘माझ्याशिवाय माझं नाव लावणं ही ग्राहकांची फसवणूक आहे’ ही तक्रार युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये मानली नाही. भांडवल घेऊन कोणी दाराशी आलं, की करारातली नावाची ओळ वकिलाकडून वाचून घ्या. दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल, पण ती ओळ वाचाच.

तुमच्या प्रश्नात एक शब्द मला अडवून धरतोय. तुम्ही लिहिलंय, ‘आमचं प्रिंट’. आमचं म्हणजे कोणाचं? हातात निब कोणाच्या होती? पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलं असेल तर बऱ्याच देशांत हक्क मालकाचा असतो. फ्रीलान्सरने काढलं असेल तर तुम्ही पैसे चुकते केले असले तरी, लेखी हस्तांतरण नसेल तर, हक्क बहुधा त्याच्याकडेच राहतो. माझ्या एका अशिलाचं प्रकरण सगळ्या बाजूंनी भक्कम होतं. नक्कल उघडउघड होती, तारखा पक्क्या होत्या. समोरच्यांनी एकच प्रश्न विचारला : चित्रकाराने हक्क तुम्हाला लिहून दिलाय का? नव्हता दिलेला. चित्रकार चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला. त्याला शोधून, समजावून, त्याची सही आणेपर्यंत पाच महिने गेले आणि तोवर नकलेचा माल विकून संपला होता. तो चित्रकार भला होता म्हणून सही तरी मिळाली. तुमच्यासाठी प्रिंट दुसऱ्या कोणी काढलं असेल तर नोटीस पाठवण्याआधी त्याच्याशी बोला, त्याचा योग्य मोबदला ठरवा, आणि कागद करून घ्या. हे केवळ कायद्यापुरतं नाही. नक्कल झाली म्हणून आपण कळवळतो, तर आपल्यासाठी हात चालवणाऱ्याचं श्रेय आणि पैसा आपण आधी दिलेला असायला हवा.

हीच गोष्ट प्रिंट जिथून सुचलं त्याबाबतही. वेलीची घडण एखाद्या समाजाच्या परंपरेतून उचललेली असेल तर त्या भागावर तुम्हाला हक्क सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. मेक्सिकोतल्या सांता मारिया त्लाहुइतोल्तेपेकच्या मिहे लोकांच्या भरतकामाशी साम्य असलेला ब्लाउज २०१५ मध्ये पॅरिसच्या डिझायनर इझाबेल मारां यांच्या संग्रहात आला, तेव्हा त्या गावाने आवाज उठवला. अशा सामूहिक, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कलेला नेहमीचा कॉपीराइट पुरत नाही, कारण त्याला एक लेखक आणि एक तारीख लागते. २०२२ मध्ये मेक्सिकोने आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशासाठी स्वतंत्र कायदाच केला. हॅरिस ट्वीडसाठी ब्रिटनने १९९३ मध्ये खास कायदा करून व्याख्याच बांधून टाकली : कापड आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी, हातमागावर विणलेलं हवं, आणि लोकरही तिथेच रंगवलेली, कातलेली. समाजाच्या कलेला असं कवच मिळावं असं मला वाटतं. तुमच्या प्रिंटचं मूळ काय, ते मला खासगीत नीट सांगा. न्यायालयात ते निघण्याआधी मला माहीत असलेलं बरं.

तुम्हाला राग आलाय आणि तो रास्त आहे, तरी एक सांगते. झुकलेली कॉलर कायम तुमच्या एकटीची राहावी असं मला वाटत नाही. अमेरिकेत १९३२ मध्ये ड्रेस बनवणाऱ्यांनी एक संघ काढला, फॅशन ओरिजिनेटर्स गिल्ड. नकला विकणाऱ्या दुकानांना आम्ही माल देणार नाही, असा त्यांचा नियम. हेतू समजण्यासारखा होता, पण शेवटी बाजारात कोण टिकेल हे एक टोळकं ठरवायला लागलं, आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. काप आणि आकार मोकळे राहिले म्हणूनच तुम्हालाही कोणाला न विचारता जॅकेट शिवता आलं. चीड यायला हवी ती जसंच्या तसं उचलण्याची. तुमच्या तुटलेल्या शिरेसकट उचललेल्या पानाची.

पुराव्याबद्दल मी अशिलांना नेहमी मादलेन व्हिओने या डिझायनरचं सांगते. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये त्या प्रत्येक पोशाखाचे पुढून, मागून आणि बाजूने फोटो काढून अल्बममध्ये लावत, म्हणजे पुढे वाद झाला तर दाखवायला हाताशी असावेत. लेबलवर तर त्या आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवत. तुमच्याकडे मूळ रेखाटनं, खाडाखोडीचे कागद, स्कॅनच्या मूळ फाइल, टेक पॅक (कपडा शिवण्यासाठी कारखान्याला दिलेली मापं आणि सूचना), सॅम्पल शिवणाऱ्याशी झालेले मेल असतील. फाइल उघडून पुन्हा ‘सेव्ह’ करू नका, तारीख बदलते. आहेत तशा प्रती काढून वेगळ्या ठेवा. आणि टेक पॅक कोणाकोणाला पाठवला त्याची यादी करा. नक्कल इतकी अचूक असेल तर ती फोटोवरून झाली की आतल्या पॅटर्नवरून, हे शिवण उलटून बघितल्यावर कळतं. अस्तराच्या आतला, फोटोत न दिसणारा जोडही तसाच निघाला तर तुमच्याच पुरवठा साखळीतून काहीतरी बाहेर गेलंय.

आता या आठवड्याचं काम. नकलेचं जॅकेट विकत घ्या, बिलासकट. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. विक्रीच्या पानाचे पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, कारण नोटीस गेली की ते पान गायब होईल. समाजमाध्यमावर ‘चोर’ वगैरे लिहू नका आणि विक्रेत्याला स्वतः धमकीचा मेल पाठवू नका. बिनबुडाची धमकी दिली म्हणून समोरच्याला उलट दावा करता येईल अशी तरतूद ब्रिटन, भारत अशा देशांत आहे. ज्या संकेतस्थळावर विक्री चालू आहे त्याच्या तक्रार अर्जात फक्त प्रिंटबद्दल लिहा, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून, जुळणाऱ्या चुकांवर गोल करून. कॉलरचा उल्लेखही नको. कच्चा मुद्दा घातला की पक्क्या मुद्द्याचं वजन कमी होतं.

आणि सगळ्यात आधी जॅकेट दिसणारा तुमचा अगदी पहिला फोटो शोधा. तुमचाच नाही; मॉडेलने, फोटोग्राफरने, सॅम्पल शिवणाऱ्याने टाकलेलाही. आठ महिने तुम्ही तुमच्या पोस्टवरून मोजलेत. मॉडेलने त्याच्या दीड महिना आधी मेकअपच्या खोलीतला फोटो टाकला असेल, तर तुमच्याकडे चार महिने उरलेले नाहीत, अडीचच आहेत. ती तारीख मला कळवा, मग अर्ज कुठे कुठे करायचा ते ठरवू.